वनपिंगळ्याचा पत्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसलेली काही मंडळी आज समोर आहेत. त्यांच्याकडून गुरुजींची एक शिस्त मी ऐकली आहे. उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ असे लिहावे, शेजाऱ्याचे पाहून लिहू नये, असा त्यांचा दंडक होता. कोरी जागा सोडणाऱ्यावर ते रागावत नसत. पाहून लिहिणाऱ्याची मात्र गय होत नसे. हा दंडक मनात ठेवूनच मी आजचा विषय निवडला आहे.

विषय आहे नष्ट झालेल्या, नष्ट होऊ घातलेल्या आणि नव्याने सापडणाऱ्या प्राण्यांचा. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. पोथ्यांचे पाठ ताडून पाहणे, कोणती ओवी मूळची आणि कोणती मागाहून घुसवलेली हे ठरवणे, हा आमच्या अभ्यासाचा एक भाग. मला आज एका पाखराची हकीकत सांगायची आहे, आणि ती जितकी पक्षिशास्त्राची आहे तितकीच पाठचिकित्सेची आहे. म्हणून हे धाडस.

पिंगळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. घुबडाच्या कुळातला हा लहानखुरा पक्षी वडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या वळचणीला राहतो आणि दिवस कलला की चिरक्या आवाजात कलकलाट करतो. त्याच्या नावाने आपल्याकडे भिक्षेकऱ्यांची एक परंपराच आहे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन, कुडमुडे वाजवत दारी येणारा आणि पक्ष्याच्या बोलीवरून भविष्य सांगणारा पिंगळा संतांच्या रूपकांतही येऊन बसला. मात्र या गावपिंगळ्याचा एक रानातला भाऊबंद आहे. मराठीत त्याला वनपिंगळा किंवा रानपिंगळा म्हणतात. गावपिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण असते. याचे डोके जवळजवळ कोरे. चोच आणि पाय अधिक दणकट, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी शिकार करतो. राहतो सागवानाच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलात.

या पक्ष्याचा पहिला नमुना १८७२ साली मध्य भारताच्या पूर्व भागात, आजच्या छत्तीसगडात, एफ. आर. ब्ल्यूइट यांनी मिळवला. दुसऱ्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्ल्यूइट यांचे नाव दिले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे तेच हे ह्यूम. पुढे व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञांना तो आजच्या ओडिशात, खरियारजवळ मिळाला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम खानदेशात, तळोदे-शहाद्याच्या बाजूला, त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी दृष्टिआड झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी होती, आणि आपल्याला तो ठाऊक होता तो एवढ्यावरूनच.

कातडी म्हणजे काय, हे थोडे सांगावे लागेल. पक्ष्याचे मांस आणि बहुतेक हाडे काढून कातडे पिसांसकट सोलून घेतात, आत कापूस भरतात, शिवतात आणि पायाला एक चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर पक्षी कोठे, केव्हा आणि कोणी मिळवला ते लिहिलेले असते. त्या चिठ्ठीवाचून कातडे म्हणजे नुसता पिसांचा पुंजका. कालनिर्देश आणि लेखनस्थळ फाटून गेलेले बाड हाती आले की त्याचे काय करावे हे जसे आम्हा अभ्यासकांना समजत नाही, तशीच अवस्था चिठ्ठी नसलेल्या कातड्याची होते. शास्त्राचा सगळा विश्वास त्या बोटभर कागदावर असतो.

सातांपैकी एका कातड्याच्या चिठ्ठीवर वेगळाच मजकूर होता. त्यानुसार तो पक्षी १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे मिळालेला होता, आणि मिळवणारे होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हे गृहस्थ साधेसुधे नव्हते. ब्रिटिश सेनाधिकारी, हेर, लेखक आणि नामांकित पक्षितज्ज्ञ अशी त्यांची ख्याती होती. सुमारे वीस हजार पक्ष्यांचा आपला संग्रह त्यांनी १९५४ साली ब्रिटिश म्युझियमला दिला होता. सलीम अली १९३७ साली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत हिंडले होते. अशा माणसाने लिहिलेल्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार?

त्या चिठ्ठीचे परिणाम दूरवर झाले. वनपिंगळा १८८४ नंतर दिसला नाही हे खरे असताना, तो १९१४ पर्यंत दिसत होता असे पुस्तकांत लिहिले गेले. तो गुजरातेत तापीच्या खोऱ्यात राहतो, असेही लिहिले गेले. पुढे सलीम अली आणि अमेरिकेचे एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी त्याचा शोध घेतला, तो निष्फळ ठरला. त्या काळात या पक्ष्याविषयी माहिती मुळातच मूठभर होती. मूठभर माहितीतला एक दाणा खोटा निघाला तर त्याचे वजन फार पडते. जेथे शोधायचे तेथून शोधणाऱ्याचे पाऊल दुसरीकडे वळते, आणि तेथे काही मिळाले नाही की पक्षीच संपला असावा असे वाटू लागते.

माइनर्ट्‌झहागेन १९६७ साली वारले. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या संग्रहातील काही चिमण्यांसारख्या लहान पक्ष्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रॅसमुसेन या विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथाचे काम करीत होत्या. हा ग्रंथ पुढे २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांना या संग्रहातील अनेक नोंदी जुळेनात. मग त्यांनी कातडीच तपासायला घेतली. कातडे भरण्याची आणि शिवण्याची प्रत्येकाची ढब निराळी असते. लेखनिकाचे वळण जसे हस्तलिखितात लपत नाही, तशी सोलणाऱ्याची आणि शिवणाऱ्याची ढब कातड्यात लपत नाही. मांडवीच्या म्हणून सांगितलेल्या वनपिंगळ्याची मूळची ढब डेव्हिडसन यांची होती. ते कातडे उसवून, नवा भराव घालून पुन्हा शिवल्याच्या खुणाही त्यावर होत्या. खानदेशात मिळालेला डेव्हिडसन यांचा एक नमुना संग्रहालयातून पळवून, त्याची जुनी चिठ्ठी काढून त्याला नवी बांधली गेली होती. रॅसमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सर्व १९९९ साली सविस्तर सिद्ध केले.

पण त्याआधीच त्या शोधातून एक गोष्ट घडली. मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि उरलेल्या चिठ्ठ्या काळजीपूर्वक पुन्हा वाचल्या, तेव्हा शोध कोठे घ्यावा हे आपोआप स्पष्ट झाले. १९९७ च्या नोव्हेंबरात रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे हिंदुस्थानात आले. आधी त्यांनी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी शोध घेतला, तेथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर बसलेला लहानसा पिंगळा किंग यांना दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते, पाय दणकट होते. तो वनपिंगळा होता. एकशे तेरा वर्षांनी माणसाच्या नजरेला तो पुन्हा पडला, आणि डेव्हिडसन यांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या मुलखातच पडला.

श्रोतेहो, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण शाळेत शिकलो. मधल्या तीनशे वर्षांत तिच्यात जे अपपाठ शिरले होते ते त्यांनी पारखून काढले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. आम्ही त्याला वाङ्मयीन कार्य म्हणतो. शहाद्याची हकीकत वाचली तेव्हा मला वाटले की पाठशुद्धीचे फळ इतके प्रत्यक्ष, पिसांचे आणि डोळ्यांचे, आपण क्वचितच पाहिले असेल. एक प्रक्षिप्त ओळ खोडली गेली आणि एक जीव जगाला परत मिळाला.

या हकीकतीला आणखी एक कंगोरा आहे. अलीकडच्या काळात वनपिंगळा गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यातही आढळला आहे. म्हणजे माइनर्ट्‌झहागेन यांचे म्हणणे खरे ठरले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. परीक्षेत पाहून लिहिलेले उत्तर बरोबर निघाले म्हणून ते त्या विद्यार्थ्याचे होत नाही. गुजरातेतला वनपिंगळा शोधला तो रानात पाय झिजवणाऱ्यांनी. घरबसल्या चिठ्ठी बदलणाऱ्याला त्याचे श्रेय नाही.

आता या एका पक्ष्यावरून थोडे मोठ्या विषयाकडे येतो. आजवर शास्त्राने सुमारे वीस लाख जीवजातींना नावे दिली आहेत. ही नावे देण्याची पद्धत प्राण्यांच्या बाबतीत लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून रूढ झाली. आजही दरवर्षी हजारो नव्या जातींची भर पडते. त्यांतील बहुसंख्य कीटक आणि तत्सम लहान जीव असतात. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आजवर एक लाख साठ हजारांहून अधिक जातींची स्थिती तपासली आहे आणि त्यांतील पंचेचाळीस हजारांहून अधिक जातींच्या अस्तित्वाला धोका असल्याचे नोंदवले आहे. पाटीच्या एका अंगाला नवी नावे लिहिली जात आहेत आणि दुसऱ्या अंगाची पुसली जात आहेत. या लिहिण्यापुसण्यात चूक होण्याच्या तीन जागा आहेत, असे मला दिसते.

पहिली चूक म्हणजे जो आहे त्याला ‘नाही’ म्हणणे. सीलाकांथ नावाच्या माशाचे फक्त अश्मीभूत अवशेष ठाऊक होते आणि तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असे मानले जात होते. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडनच्या बंदरात मासेमारीच्या एका बोटीतून आलेल्या ढिगात मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या तरुण संग्रहालय-अधिकारी स्त्रीला एक निळसर, जाड खवल्यांचा विचित्र मासा दिसला. प्राध्यापक जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलाकांथ असल्याचे ओळखले. दुसरा मासा मिळवण्यासाठी त्यांनी बक्षिसाची पत्रके वाटली, तरी चौदा वर्षे वाट पाहावी लागली. १९५२ साली तो कोमोरो बेटांजवळ मिळाला, आणि तेव्हा समजले की तेथील कोळी या माशाला चांगले ओळखतात. त्यांच्या भाषेत त्याला ‘गोम्बेसा’ हे नावही होते. ज्याला जगाने कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला ठरवले होते, तो अधूनमधून त्यांच्या गळाला लागत होता.

आपल्याकडचे उदाहरण जेर्डनच्या धाविक पक्ष्याचे. १९०० सालानंतर तो कोणाला दिसला नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींनी आंध्र प्रदेशात त्याची चित्रे गावोगाव दाखवली, आणि १९८६ च्या जानेवारीत कडप्पा जिल्ह्यात तो सापडला. सापडवून देणारा होता पक्षी धरणारा एक स्थानिक माणूस. तेलुगू भाषेत त्या पक्ष्याला ‘कलिवी कोडी’ म्हणतात, म्हणजे करवंदीच्या जातीच्या झुडपांतली कोंबडी. नाव होते, ओळखणारे लोक होते. त्यांना विचारले मात्र गेले नव्हते. पक्षी सापडल्यावर त्याच्यासाठी अभयारण्य झाले आणि पुढे एका कालव्याचा मार्गही बदलला गेला. ‘नाही’ हा शेरा कायम राहिला असता तर यांतले काहीच झाले नसते. मेलेल्यासाठी कोणी कालवा वळवत नाही.

दुसरी चूक याच्या उलट, जो चालला आहे त्याला ‘आहे’ समजून स्वस्थ बसणे. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतरांचे थवे एकेकाळी आकाश झाकून टाकीत. एवढ्या संख्येचा पक्षी संपेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्या जातीची शेवटची मादी मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली. मांडवीच्या खोट्या चिठ्ठीवरचे सालही तेच होते. टास्मानियातील पट्टेरी लांडग्याला, म्हणजे थायलासीनला, कायद्याचे संरक्षण मिळाले १० जुलै १९३६ रोजी. शेवटचा ज्ञात थायलासीन होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात त्याच वर्षी ७ सप्टेंबरला मेला. कायदा आणि मृत्यू यांत दोन महिन्यांचेही अंतर नव्हते.

आपला चित्ताही असाच गेला. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानच्या राजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. हिंदुस्थानातल्या चित्त्यांची ती शेवटची खात्रीलायक नोंद मानली जाते. १९५२ साली तो देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर भाषेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. संस्कृतातल्या ‘चित्रक’ या शब्दावरून आलेला ‘चित्ता’ हा शब्द इंग्रजीनेही उचलला. आपल्या बोलण्यात मात्र तो सैल झाला. कित्येक ठिकाणी बिबट्यालाच लोक चित्ता म्हणू लागले, आजही म्हणतात. ज्याचे नाव तो धनी नाहीसा झाला की नाव बेवारस होते आणि भलत्याच्या घरी नांदू लागते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते आपल्या मध्य प्रदेशातच, कुनोच्या उद्यानात सोडले गेले. २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. तेथे पिल्लेही झाली, काही चित्ते दगावलेही. पण हे आफ्रिकेतले चित्ते आहेत. मूळ प्रत जळाल्यावर दुसऱ्या घराण्याची प्रत आणून आपल्या दप्तरात ठेवावी, तसे हे आहे. प्रयत्नाला विरोध नसावा. पण मूळ प्रत जळाली ही नोंद खोडू नये.

तिसरी चूक नव्या शोधांची. ‘नवी जात सापडली’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. नवी कोणाला, हा प्रश्न विचारायला हवा. व्हिएतनाम आणि लाओस यांच्या सीमेवरील ॲनामाइट पर्वतात १९९२ साली शास्त्रज्ञांना शिकाऱ्यांच्या घरांत लांब, सरळ शिंगांच्या जोड्या दिसल्या. त्यांवरून गाईबैलांच्या कुळातला एक मोठा प्राणी शास्त्राला प्रथमच समजला. विसाव्या शतकाच्या अखेरीस एवढा मोठा सस्तन प्राणी नव्याने कळावा, याचे जगाला नवल वाटले. स्थानिक लोकांच्या बोलीत त्याचे नाव होते साओला, म्हणजे चरख्याचे खुंट. शिंगे तशी दिसतात म्हणून. शास्त्राला तो नवा होता, तेथल्या घरांत त्याची शिंगे पूर्वीपासून होती. पण गोष्ट येथे संपत नाही. रानात लावलेल्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र शेवटचे टिपले ते २०१३ साली. जंगलभर पसरलेल्या फासांनी त्याचा घात केला आहे. जगातल्या कोणत्याही प्राणिसंग्रहालयात साओला नाही. ओळख होऊन पुरती एक पिढीही गेली नाही, तोच त्याच्या अस्तित्वाविषयी चिंता करण्याची वेळ आली.

याच्या जोडीला एक आश्वासक उदाहरण सांगतो. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्टच्या जंगलात रमण आत्रेय या खगोलशास्त्रज्ञांना १९९५ साली एक अनोळखी पक्षी दिसला. पुढे दहा वर्षांनी तो त्यांना पुन्हा दिसला आणि २००६ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नव्या जातीसाठी एक नमुना मारून संग्रहालयात ठेवायचा, ही जुनी चाल. आत्रेय यांना मोजके पक्षी दिसले होते. एवढ्या थोड्यांतला एक मारणे त्यांना योग्य वाटले नाही. जाळ्यात धरलेल्या पक्ष्याची मापे, छायाचित्रे आणि गळालेली काही पिसे घेऊन त्यांनी तो सोडून दिला. पक्ष्याला नाव दिले ते त्या भागात राहणाऱ्या बुगुन लोकांचे. एका बाजूला दुसऱ्याचे कातडे चोरून त्यावर आपले नाव लिहिणारा संग्राहक, आणि दुसऱ्या बाजूला हाती आलेला पक्षी सोडून त्याला दुसऱ्यांचे नाव देणारा निरीक्षक. शोधाची ही दोन टोके विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावीत.

खरी नोंद काय करू शकते, याचे शेवटचे उदाहरण गिधाडांचे. जटायूच्या कुळातल्या या पक्ष्याकडे प्रेमाने पाहणारे थोडेच. तरीही भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभु प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांच्या घरट्यांची मोजणी करून ठेवली होती. १९९० च्या दशकात पुन्हा मोजले तेव्हा संख्या कोसळली होती. आधीची मोजणी नसती तर ‘पूर्वी जास्त दिसत असावीत’ एवढेच म्हणता आले असते. आकडे होते, म्हणून कारणाचा शोध सुरू झाला. २००४ साली सिद्ध झाले की गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या हजारात एक इतकी उरली होती. बंदीने गेलेली गिधाडे परतली नाहीत. पण उरलेल्यांना संधी मिळाली. ती संधी त्या जुन्या, कोणी मुद्दाम न मागितलेल्या मोजणीने दिली.

आता पुन्हा आपल्या वनपिंगळ्याकडे. तो सापडल्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला. पुढे मेळघाट, तानसा येथे आणि आपल्या इंदूरपासून फार दूर नसलेल्या खंडवा जिल्ह्यातील कालीभीतच्या जंगलातही तो आढळला. त्याची ठिकाणे वाढली म्हणून २०१८ साली ‘अतिसंकटग्रस्त’ हा त्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी उतरवला गेला. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. सागाची जुनी, ढोल्यांची झाडे तुटतात, जंगलात शेते शिरतात, घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेपायी त्याचा जीव घेतला जातो. सापडला म्हणजे वाचला, असे होत नाही. त्याचा पत्ता आपल्याला कळला आहे. त्या पत्त्यावर त्याचे घर राहील की नाही, हे अजून ठरायचे आहे.

शाळेच्या मंचावरून हे सांगताना मला एक विनंती करावीशी वाटते. या आवारात झाडे आहेत, पाखरे आहेत. शाळेने एक साधी वही ठेवावी. मुलांनी तीत दिवस, वेळ, जागा आणि काय पाहिले ते लिहावे. ओळखता आले नाही तर ‘ओळखता आले नाही’ असे लिहावे. दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे लिहावे. तीही नोंदच असते. वरवर पाहता याचा काहीच उपयोग दिसणार नाही. भरतपूरच्या मोजणीचाही त्या वेळी दिसला नसेल. पन्नास वर्षांनी कोणीतरी ही वही उघडेल, आणि तीत लिहिलेल्या शब्दावर त्याला विश्वास टाकता आला पाहिजे. पश्चिम खानदेशात एका अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात चिठ्ठीवर खरे ठिकाण लिहिले, म्हणून शतकानंतर कोणीतरी योग्य झाडापर्यंत पोहोचले. गुरुजी पाटीवर ‘येत नाही’ असे लिहायला शिकवत होते, त्याचा अर्थ मला या पाखराने समजावून दिला.